ज्योतीच्या रात्री अंग का आंबतं?

शिवजयंतीच्या आदल्या रात्री शिवनेरीवर ज्योत पेटवायची आणि आळीपाळीने धावत ती पहाटेपर्यंत गावात आणायची, हे आमच्याकडची पोरं मिसरूड फुटायच्या आधीपासून करतात. गाव संगमनेरच्या पुढे, गडापासून नव्वदेक किलोमीटर. पंधरा पोरं, एक छोटा हत्ती, दोन मोटारसायकली. एकेकाची पाळी साधारण किलोमीटरभराची. मशाल पुढच्याच्या हातात दिली की टेम्पोत चढायचं आणि पुन्हा नंबर येईपर्यंत बसायचं.

हिशेब केला तर एकेकाच्या वाट्याला सहा किलोमीटर येतात. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं एवढं अंतर रोज सकाळी मारतात आणि वर घरी येऊन गोठ्यातलं कामही करतात. तरी ज्योत आणलेला माणूस पुढे दोन दिवस भिंत धरून चालतो. मीही चाललोय.

‘दम संपला’ म्हणावं तर आकडे जुळत नाहीत. धावताना दर किलोमीटरला, शरीराच्या दर किलोमागे साधारण १ किलोकॅलरी खर्च होते. म्हणजे साठ किलोच्या पोराला रात्रभरात ३६० किलोकॅलरी लागतात. नारायणगावात खाल्लेले दोन वडापाव त्याला पुरून उरतात. शिवाय स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपात चारेकशे ग्रॅम साखर आधीच साठवलेली असते, तिला नीट हातही लागत नाही. रात्रभर त्रास होतो तो धावण्यामुळे कमी आणि मधल्या बसण्यामुळे जास्त.

ताशी दहा किलोमीटरचा वेग धरला तर एक पाळी सहा मिनिटांची. पंधरा पोरं म्हणजे पुन्हा नंबर यायला दीड तास. अंग पूर्ण गार व्हायला हा वेळ भरपूर झाला आणि झोप काढायला अपुरा.

धावताना मांडीच्या स्नायूचं तापमान ३८-३९ अंशांपर्यंत चढतं. गरम स्नायूत रासायनिक क्रिया वेगाने होतात, रक्तातला ऑक्सिजन सहज सुटतो. मग फेब्रुवारीच्या रात्री घामाने ओला शर्ट घालून उघड्या टेम्पोत बसायचं. वारा ओल्या अंगाची उष्णता भराभर ओढून नेतो. स्नायू एका अंशाने गार झाला की त्याची ताकद साधारण दोन ते पाच टक्क्यांनी घटते, असं मोजून पाहिलेलं आहे. आपण सहा वेळा तापतो आणि सहा वेळा गारठतो. म्हणून पाळी संपली की पहिलं काम ओला शर्ट बदलण्याचं. आमच्यातले निम्मे जण ते करायचे नाहीत, कारण भगव्या टी-शर्टवर मंडळाचं नाव असायचं!

मशाल देऊन झाल्यावर लगेच बसलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. धावताना पोटऱ्या दर पावलाला आवळून पायातलं रक्त वर, हृदयाकडे ढकलत असतात. एकदम थांबलं की हा पंप बंद पडतो, रक्तवाहिन्या मात्र अजून रुंदच असतात. रक्त पायात साचतं आणि डोक्याला कमी पडतं. ‘लगेच टेकू नको, चाल जरा,’ असं आमचे एक काका टेम्पोतून ओरडायचे. ते बरोबरच होतं.

अंग आंबलं, पाय आंबले, असं आपण म्हणतो. गंमत म्हणजे शास्त्रज्ञही बरीच वर्षं जवळपास तेच म्हणत होते. कार्ल शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७८० साली आंबलेल्या दुधातून लॅक्टिक आम्ल वेगळं केलं. पुढे तेच दमलेल्या स्नायूतही सापडलं आणि अंगदुखीचा आळ त्याच्यावर आला. हा आळ खोटा आहे. जोरात धावल्यावर रक्तात वाढलेलं लॅक्टेट, म्हणजे या आम्लाचंच रक्तातलं रूप, तासाभरात खाली येतं, हृदय आणि इतर स्नायू ते इंधन म्हणून वापरतात. आपली पुढची पाळी येईपर्यंत त्याचा मागमूसही नसतो. पाय आंबलेले असतातच.

पुढच्या दोन दिवसांच्या दुखण्याचं खरं कारण पाहायला चंदनापुरी घाट बरा. संगमनेरकडे जाताना तो उतरायचा असतो, म्हणून सगळे तिथली पाळी मागून घेतात. उतारावर दम लागत नाही, पण प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ब्रेकचं काम करतो. आखडायची धडपड चालू असतानाच तो ताणला जातो. या उलट्या ओढाताणीत स्नायूतले बारीक धागे जागोजागी उसवतात. दुरुस्तीसाठी सूज येते आणि दुखणं एक ते तीन दिवसांनी टिपेला पोचतं. अमेरिकेत ओरेगन राज्यात १९८२ पासून ‘हूड टू कोस्ट’ ही अशीच रात्रभराची शर्यत होते. माउंट हूड डोंगरावरून समुद्रापर्यंत सुमारे ३२० किलोमीटर, ३६ टप्पे, बारा जणांचा संघ. तिची सुरुवातच लांबलचक उताराने होते, आणि पहिला टप्पा ज्याला मिळतो त्याच्या मांड्या पुढच्या दोन पाळ्यांत त्याची आठवण काढतात. मात्र त्यांच्याकडे दोन गाड्या असतात. सहा जण धावतात तेव्हा उरलेल्या सहांना काही तास सलग पडता येतं.

आम्हाला डुलकीच मिळते, आणि तीही अडनिडी. झोप लागल्यावर अर्ध्या तासात माणूस गाढ झोपेत शिरतो. नेमकं तेव्हा कुणी हलवून उठवलं की पंधरा-वीस मिनिटं डोकं जागेवर नसतं. मी एकदा तसाच उतरलो आणि मशाल हातात घेऊन चांगली पन्नास पावलं नारायणगावच्या, म्हणजे उलट्या, दिशेने पळालो. त्यापेक्षा चहा पिऊन वीस मिनिटंच डोळे मिटावेत. चहातलं कॅफीन रक्तात चढायलाही साधारण तेवढाच वेळ घेतं.

पहाटे चार-पाचच्या सुमारास शरीराचं आतलं तापमान दिवसातल्या नीचांकावर असतं. मेंदूतलं घड्याळ, म्हणजे हायपोथॅलॅमसमधला जेमतेम वीसेक हजार पेशींचा ठिपका, त्या वेळी झोपेचाच हुकूम सोडत असतो. ज्योत आहे की नाही, याच्याशी त्याला घेणंदेणं नाही.

मशालवाल्याची अडचण आणखी वेगळी. अंधारात पाहणाऱ्या पेशींना पूर्ण तयार व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि तोंडासमोरचा जाळ ती तयारी क्षणात पुसतो. त्यामुळे रस्त्यातला खड्डा ज्योत धरणाऱ्यालाच सर्वांत कमी दिसतो. हात लांब करून मशाल डोक्याच्या वर धरायला सांगतात ते दिसायला रुबाबदार वाटतं, पण जाळ नजरेआड जातो हा त्याचा खरा फायदा. गरम तेल मनगटावर ओघळतं, ते सोसायचं.

मला मात्र भीती वाटते ती टेम्पोच्या ड्रायव्हरची. ज्योतीच्या पोरांना मागून वाहनाने उडवल्याच्या बातम्या आपण वाचतो. डॉसन आणि रीड या संशोधकांनी १९९७ साली दाखवलं की सलग १७ तास जागल्यावर हातडोळ्यांचा मेळ रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखा बिघडतो, आणि २४ तासांनी ०.१ टक्के असल्यासारखा. आपल्या कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. सकाळी सहाला उठलेला ड्रायव्हर रात्री अकरालाच ती ओलांडून बसलेला असतो, थेंबही न पिता. आम्ही धावायला पंधरा जण नेतो. स्टिअरिंगवर दुसरा माणूस नेल्याचं मला आठवत नाही.

गावाची वेस आली की सगळे टेम्पोतून उतरतात आणि शेवटचं अंतर एकत्र धावतात. तोवर उजाडू लागलेलं असतं, आतलं तापमान चढायला लागलेलं असतं, आणि ढोल ऐकू आल्यावर पाय दुखत होते हे कुणाच्या लक्षात राहत नाही. ते तिसऱ्या दिवशी माडीचा जिना उतरताना कळतं. चढताना काही नाही, उतरताना मात्र कठडा धरून, आडवं होत, एकेक पायरी.