दोन जिल्हे, एक डोंगरपट्टी: पालघर वेगळा होण्यामागचा इतिहास

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचं विभाजन झालं आणि पालघर हा महाराष्ट्राचा छत्तिसावा जिल्हा झाला. २०११च्या जनगणनेत ठाणे हा एक कोटी दहा लाख लोकसंख्येचा, देशातला सर्वांत मोठा जिल्हा ठरला होता. एवढा पसारा ठाण्याच्या एका कलेक्टर कचेरीतून सांभाळणं अवघड होतं, आणि मोखाड्याच्या किंवा तलासरीच्या माणसाला जिल्ह्याच्या कामासाठी शंभराहून जास्त किलोमीटर यावं लागायचं. विभाजनाचं हे कारण खरं आहे, पण ते शेवटचं कारण आहे. या जिल्ह्याचा किनारा आणि डोंगर यांच्यातला व्यवहार फार आधीपासून एकतर्फी होता. आम्ही ठाणेकर त्या व्यवहाराच्या फायद्याच्या बाजूला राहतो, म्हणून तो आम्हाला नीट माहीत असायला हवा.

या मुलखाचे जुन्या बोलण्यात दोन भाग आहेत: बंदरपट्टी आणि जंगलपट्टी. वसईपासून डहाणूपर्यंतची किनारपट्टी म्हणजे खाड्या, मिठागरं, भातखाचरं, वाड्या आणि बागायत. तिथे कोळी, मांगेला, वाडवळ, आगरी, भंडारी, ख्रिस्ती अशी वस्ती. पूर्वेला सरकलं की वाडा, शहापूर, मुरबाडच्या टेकड्या लागतात, मग जव्हार-मोखाड्याचं पठार, आणि त्यापलीकडे सह्याद्रीची भिंत. वैतरणा त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावते. सूर्या, तानसा, पिंजाळ तिच्याच खोऱ्यातल्या. दक्षिणेकडे भातसा आणि काळू उल्हासच्या खोऱ्यातल्या. पाऊस इथे भरपूर पडतो, पण खाली काळा खडक, वर मातीचा पातळ थर आणि जमिनीला उतार, त्यामुळे पाणी मुरत नाही, समुद्राकडे धावत सुटतं. जव्हारला आषाढात छत्री धरून चालता येत नाही आणि एप्रिलमध्ये पाड्याची विहीर तळाला जाते, ते यामुळे.

जंगलपट्टीत वारली, कोकणा, महादेव कोळी, मल्हार कोळी, ठाकूर, कातकरी, धोडिया, दुबळा या जमाती राहतात. सगळ्यांना एकाच ‘आदिवासी’ शब्दात बसवलं की त्यांच्यातले फरक दिसेनासे होतात. महादेव कोळ्यांनी राज्य केलेलं आहे. वारली प्रामुख्याने शेतकरी. कणसरी ही त्यांची धान्याची देवी, हिरवा आणि वाघदेव हे त्यांचे देव, लग्नाच्या चौकात, म्हणजे भिंतीवरच्या चित्रचौकटीत, पालघट देवी काढायची आणि धवलेरीने गाणी म्हणत लग्न लावायचं ही त्यांची रीत. तांदळाच्या पिठाने भिंतीवर काढलेली ती चित्रं डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी कागदावर आणि जगापुढे आणली. त्यांना २०११मध्ये पद्मश्री मिळाली. कातकरी खैराच्या गाभ्यापासून कात काढणारे. त्यांच्या हातात जमीन जवळपास कधीच नव्हती, म्हणून जंगल तुटलं तेव्हा सगळ्यात जास्त तेच उघड्यावर पडले.

जव्हारचं मुकणे घराणं महादेव कोळ्यांचं. चौदाव्या शतकात जयबा मुकणे यांनी ते उभं केलं. बंदरपट्टीवर गुजरातचे सुलतान, पोर्तुगीज, १७३९नंतर मराठे आणि त्यानंतर इंग्रज असे धनी बदलत गेले, पण आक्रसत का होईना जव्हारचं राज्य टिकून राहिलं आणि १९४८मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं. आज सरकारी कागदात जव्हार हा ‘मागास तालुका’ असतो. तिथे सहाशे वर्षं आदिवासी राजवट होती, हे ठाण्याच्या शाळांमधल्या मुलांना कोणीतरी सांगितलं पाहिजे.

इंग्रजांच्या काळात डोंगरावर दोन गोष्टी चढल्या, रोखीचा सारा आणि त्याच्यामागून सावकार. सावकारांविरुद्ध आणि कंपनी सरकारविरुद्ध नगर, नाशिक, ठाणे भागात बंड करणाऱ्या राघोजी भांगरे यांना २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. तो तुरुंग म्हणजे ठाण्याचा जुना किल्ला. रोज हजारो माणसं त्याच्या भिंतीला लागून जातात.

त्यानंतर आला जंगल कायदा. १८७८च्या कायद्याने मोठमोठे पट्टे राखीव झाले आणि डोंगरातल्या शेतीच्या मुळावरच घाव बसला. इथली शेती राबावर चालते. उन्हाळ्यात झाडांच्या फांद्या छाटून टहाळ वाळवायचा, जमिनीच्या एका तुकड्यावर शेण, टहाळ, गवत, पालापाचोळा यांचे थर लावून वर माती टाकायची आणि पावसाआधी ते पेटवायचं. भाजलेल्या त्या जमिनीत भात, नाचणी, वरईचं रोप जोमाने येतं आणि पाऊस स्थिरावला की त्याची आवणी, म्हणजे लावणी होते. जंगल खात्याच्या साहेबांना राब म्हणजे झाडांची नासाडी वाटत होती. शेतकऱ्याला ठाऊक होतं की राब नाही तर रोप नाही. ठाणे आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांत इतका असंतोष झाला की १८८५मध्ये सरकारला मुंबई फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं, आणि त्याच्या चौकशीत राबाचा प्रश्न मध्यभागी होता. काही सवलती मिळाल्या, पण जंगलाची मालकी गेली ती गेलीच. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या तुकड्यांवर माणूस सरकारी कागदात अतिक्रमण करणारा ठरला. एकसाली प्लॉटचे, म्हणजे एकेका वर्षाच्या बोलीवर कसायला दिलेल्या जंगलजमिनीचे दावे आणि २००६च्या वनहक्क कायद्याखालचे अर्ज हा त्याच प्रकरणाचा पुढचा भाग आहे. हा कायदा म्हणजे आदिवासींना फुकट जमीन वाटणं, असं शहरात अजून ऐकू येतं; ते साफ चुकीचं आहे. आधी काढून घेतलेल्या हक्काची ती उशिरा केलेली नोंद आहे.

जमिनी सावकाराकडे गेल्या तशी वेठ आली. डहाणू-उंबरगाव भागात जमीनदाराच्या शेतावर आणि जंगल ठेकेदाराकडे बिनपैशाचं किंवा नावापुरत्या मजुरीचं काम करणं सक्तीचं होतं. लग्नासाठी कर्ज काढलं की नवरा-बायको दोघं आयुष्यभरासाठी बांधले जायचे. त्यांना लग्नगडी म्हणत. जानेवारी १९४५मध्ये टिटवाळ्याला झालेल्या किसान सभेच्या परिषदेला उंबरगावकडचे काही वारली आले होते. त्यांचं ऐकून किसान सभेचे नेते गोदावरी आणि शामराव परुळेकर त्या भागात गेले. मे महिन्यात झरी गावात हजारो वारली जमले आणि वेठ करणार नाही, असं ठरवून उठले. ठराव पाड्यापाड्यांत पोचला आणि वेठ थांबली, इतका तो निर्धार पक्का होता. पुढे गवत कापणीच्या मजुरीसाठी संप झाला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. ठाणे जिल्ह्याच्या इतिहासात आगगाडीच्या १८५३च्या पहिल्या फेरीला जेवढी जागा मिळते, तेवढीच या दिवसालाही मिळायला हवी.

जिल्ह्याची हद्द या काळात सारखी बदलत होती. १८६९मध्ये कुलाबा वेगळा झाला, पुढे पनवेल-उरणचा भाग तिकडे गेला. १९२०च्या सुमाराला साष्टी बेटाचा दक्षिण भाग मुंबई उपनगरात गेला. १९६०मध्ये उंबरगावचा मोठा भाग गुजरातेत गेला आणि उरलेल्या गावांचा तलासरी झाला. त्या हद्दीच्या दोन्ही बाजूंना वारलीच आहेत, सोयरिकी आजही चालतात.

पाण्याचा व्यवहार या सगळ्यांहून मोठा. मुंबईसाठी शहापूर तालुक्यात तानसा धरण १८९२मध्ये बांधलं गेलं. मग मोडकसागर, मग भातसा, आणि मोखाड्याच्या कोचाळे गावाजवळ मध्य वैतरणा. मुंबईला रोज मिळणाऱ्या पाण्याचा जवळपास निम्मा वाटा एकट्या भातसाचा, आणि ठाणे शहराच्या नळालाही तिचं पाणी आहे. सूर्या प्रकल्प आदिवासी भागाच्या सिंचनासाठी म्हणून उभा राहिला; त्याचं पाणी वसई-विरारकडे वळलं. शहापूरच्या पाड्यांवर मात्र दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. तीन मोठी धरणं अंगावर असलेल्या या तालुक्यासाठी इगतपुरीच्या भावली धरणातून पाणी आणायची योजना आखावी लागली, यातच सगळं आलं.

१९९२-९३मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीत बालकं कुपोषणाने दगावली, तेव्हा मुंबईहून मंत्री, अधिकारी, पत्रकार डोंगरात गेले. जिल्हा प्रशासन इथून किती दूर आहे ते साऱ्यांना दिसलं आणि वेगळ्या जिल्ह्याच्या मागणीला धार आली. अनेकांचा आग्रह मुख्यालय जव्हारला असावं, असा होता. निवड पालघरची झाली, कारण तिथे रेल्वे आहे. नवी मुंबई उभारणाऱ्या सिडकोने तिथे मुख्यालयाचं संकुल बांधलं, २०२१मध्ये त्याचं उद्घाटन झालं. पण नव्या जिल्ह्याच्या तीस लाखांच्या आत-बाहेरच्या लोकसंख्येत एकट्या वसई तालुक्यात तेरा लाखांहून अधिक माणसं आहेत. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, तलासरीत आदिवासी नव्वद टक्क्यांच्या आसपास, आणि संपूर्ण जिल्ह्यात सुमारे ३७ टक्के. म्हणजे बंदरपट्टी आणि जंगलपट्टी पुन्हा एकाच जिल्ह्यात, आणि कचेरी पुन्हा बंदरपट्टीतच. माझ्या मते जव्हारची मागणी रास्त होती.

आणि ठाणे आदिवासींविना उरला, असंही नाही. शहापूर, मुरबाड, भिवंडी धरून इथे चार लाखांहून जास्त आदिवासी आहेत. येऊरच्या पाटोणापाडा, जांभूळपाड्यासारखी वस्ती तर शहराच्या हद्दीतली. दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्याची आणि शहापूरची कुटुंबं बिऱ्हाड घेऊन जगायला निघतात. मुकादमाकडून आधी उचललेला बयाणा फिटेपर्यंत कल्याण-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर, ठाणे-नवी मुंबईच्या बांधकामांवर राबायचं आणि पावसाच्या तोंडावर परतायचं. वेठबिगारी कायद्याने १९७६मध्येच बंद झाली. तरी श्रमजीवी संघटनेसारख्यांना १९८०च्या दशकापासून बयाण्यात अडकलेली माणसं सोडवत राहावं लागलं आहे.

मुरबाडमधल्या काळू नदीवरचं धरण हे सध्या जिल्ह्यापुढचं मोठं प्रकरण. महानगर प्रदेशाच्या वाढत्या तहानेसाठी वनविभागाची मंजुरी नसतानाच काम सुरू झालं, बुडणाऱ्या गावांतल्या ठाकूर, महादेव कोळी, कातकरी लोकांनी ग्रामसभांमधून विरोध केला आणि २०१२मध्ये उच्च न्यायालयाने ते थांबवलं. मागणी मात्र संपलेली नाही, आणि यावेळी पाणी मागणाऱ्यांत मुंबईइतकेच आम्ही ठाणे, कल्याण, नवी मुंबईचे लोक आहोत. टाकीतलं पाणी मोजून वापरणं, गळती थांबवणं, सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरणं हे आधी आपल्या महापालिकांकडे मागायचं, आणि बुडणाऱ्या गावाच्या ग्रामसभेने नाही म्हटलं तर ते नाही मानायचं.