बाळ पायाळू असेल तर प्रसूतीचा मार्ग कसा ठरवावा?

नववा महिना लागल्यानंतरच्या सोनोग्राफीत 'ब्रीच', म्हणजे बाळ पायाळू (डोके वर आणि कुल्ले किंवा पाय खाली), अशी नोंद आली की ठाण्यातल्या किंवा नवी मुंबईतल्या बहुतेक घरांतली चर्चा 'आता सिझेरियनच' या एका वाक्यावर थांबते. पुष्कळदा तो निर्णय योग्यही असतो. परंतु तो घेण्याआधी गर्भवतीला सर्व पर्याय समजावून सांगितले जावेत, हा तिचा हक्क आहे, असे मला मनापासून वाटते.

अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास साधारण पाचातील एक बाळ डोके वर आणि कुल्ले खाली अशा स्थितीत असते. त्यांतील बहुतेक बाळे आपणहून फिरतात आणि दिवस भरेपर्यंत हे प्रमाण शेकडा तीन ते चारवर येते. वार (प्लॅसेंटा) खाली असणे, गर्भाशयाचा आकार वेगळा असणे, गर्भजल कमी किंवा जास्त असणे ही काही कारणे आहेत. अनेकदा मात्र कोणतेच कारण सापडत नाही. गर्भवती कोणत्या कुशीवर झोपली किंवा तिने किती काम केले यावरून तिला दोष देणे अन्यायाचे आहे.

धोका नेमका कशात आहे? डोके हा बाळाच्या शरीराचा सर्वांत मोठा आणि कठीण भाग. ते आधी येते तेव्हा कळांच्या काही तासांत त्याला वाटेनुसार आकार घेता येतो. पायाळू बाळाचे धड आधी बाहेर येते, नाळ दाबली जाते आणि डोके सुटण्यासाठी हाती मोजकी मिनिटेच उरतात. पाऊल सर्वांत खाली असेल तर पाणमोट फुटताच नाळ खाली घसरण्याचीही भीती असते. म्हणूनच बाळाचे पाय कसे आहेत, मान मागे वळलेली आहे का आणि अंदाजे वजन किती आहे, हे पाहिल्याशिवाय कोणताही सल्ला देता येत नाही.

वैद्यकीय प्रघात बदलला तो 2000 साली. 26 देशांतील 2,088 स्त्रियांवर केलेल्या 'टर्म ब्रीच ट्रायल' या चाचणीत, बाळाचा मृत्यू किंवा गंभीर इजा यांचे प्रमाण ठरवून केलेल्या सिझेरियनच्या गटात 1.6 टक्के, तर योनीमार्गे प्रसूती ठरवलेल्या गटात 5 टक्के आढळले. जगभर सिझेरियनकडे कल झुकला. मात्र या चाचणीतील काही मुलांची दोन वर्षांनी पाहणी झाली, तेव्हा मृत्यू किंवा वाढीतील दोष यांबाबत दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. फ्रान्स आणि बेल्जियममध्ये काटेकोर निवड आणि सतत देखरेख असलेल्या रुग्णालयांतही दोन्ही मार्गांच्या निष्पत्तीत मोठी तफावत आढळली नाही. ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने 2017 साली दिलेल्या आकड्यांनुसार, पायाळू बाळाचे सिझेरियन 39 आठवड्यांनंतर केल्यास प्रसूतीच्या काळातील बालमृत्यू हजारी सुमारे 0.5, योनीमार्ग ठरवल्यास सुमारे 2 आणि डोके खाली असलेल्या बाळाच्या योनीमार्गी प्रसूतीत सुमारे 1 असतात. फरक खरा आहे, पण दोन्हीकडची जोखीम लहान आहे. शिवाय हे आकडे तिथल्या व्यवस्थेचे आहेत; जिथे अशी प्रसूती हाताळलेले डॉक्टर, भूलतज्ज्ञ आणि शस्त्रक्रियागृह रात्रीही तयार नसतात, तिथे ते लागू होत नाहीत.

दुसऱ्या बाजूला सिझेरियनचा व्रण पुढच्या गर्भारपणावरही परिणाम करतो: वार व्रणावर घट्ट रुजणे, व्रण उसवणे, पुन्हा शस्त्रक्रिया लागणे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (2019-21) महाराष्ट्रातील सुमारे एक चतुर्थांश प्रसूती सिझेरियनने होत होत्या, त्यामुळे ही बाजू दुर्लक्षिण्यासारखी नाही.

सिझेरियन आणि योनीमार्गी प्रसूती या दोहोंच्या आधीचा एक पर्याय फार कमी जणींपर्यंत पोहोचतो, याची मला खंत आहे. छत्तीस-सदतीस आठवड्यांनंतर प्रशिक्षित डॉक्टर पोटावरून हातांनी दाब देत बाळाला फिरवतात. आधी सोनोग्राफी करतात, गर्भाशय सैल पडण्याचे औषध देतात आणि बाळाच्या हृदयाचे ठोके तपासत राहतात. सुमारे निम्म्या वेळा यश येते, दुसरेपणी अधिक. तातडीचे सिझेरियन लागण्याची शक्यता दोनशेत एक इतकी असते, म्हणून हे रुग्णालयातच करतात. वार गर्भाशयाच्या मुखाशी असल्यास किंवा नुकताच रक्तस्राव झाला असल्यास ते करत नाहीत, आणि आईचा रक्तगट निगेटिव्ह असल्यास अँटी-डी इंजेक्शनचा (आईच्या शरीरात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊ नयेत म्हणून दिले जाणारे) विचार करावा लागतो. घरी मालिश करणाऱ्या बाईकडून असा प्रयत्न कधीही करवून घेऊ नये.

सिझेरियनची तारीख ठरली तरी कळा त्याआधी सुरू होऊ शकतात. घोडबंदर रस्त्यावरची कोंडी असो वा मुरबाड-शहापूरहून ठाण्याला येण्याचे अंतर, कोणत्या रुग्णालयात आणि कोणत्या वाहनाने जायचे हे आधीच ठरलेले हवे. पाणी जाताच निघावे. नाळ बाहेर दिसली तर 108 ला फोन करून, गर्भवतीने गुडघे आणि छाती टेकून कंबर उंच ठेवावी. काही वेळा स्त्री पोहोचते तेव्हा बाळाचा जन्म इतका जवळ आलेला असतो की शस्त्रक्रियेला वेळच उरत नाही, आणि म्हणून तरुण डॉक्टरांनी पायाळू प्रसूतीचे कौशल्य प्रतिकृतींवर सराव करून टिकवणे अत्यंत आवश्यक आहे.

जन्म कोणत्याही मार्गाने झाला तरी, दिवस भरत आले असता पायाळू असलेल्या बाळांत खुब्याचा सांधा नीट न बसण्याचे प्रमाण अधिक असते. त्यामुळे बालरोगतज्ज्ञांकडून खुब्यांची तपासणी आणि साधारण सहाव्या आठवड्यात त्यांची सोनोग्राफी करून घ्यावी.