माप आधी कापडाचं, मग अंगाचं

शिवणक्लासच्या पहिल्या आठवड्यात कापडाला कुणी हात लावू देत नाही. खाकी कागद, गुण्या, पेन्सिल आणि वहीत पाव मापातलं ड्राफ्टिंग. आमच्या बाईंचा हिशोब तोंडपाठ होता: छाती 36, तर चौथा भाग 9, सहावा 6, बारावा 3. नऊवर ढिलाई आणि माया (शिवणीसाठीचं जादा कापड) धरायची, सहा मुंढ्याला, म्हणजे बाही जोडतात त्या जागेला, तीन गळ्याच्या अर्ध्या रुंदीला. हे सहावे-बारावे भाग आले कुठून, असं वर्गात कुणी विचारलं नाही. मीही नाही. माझं पहिलं ब्लाउज खांद्यावरून घसरलं तेव्हा हा प्रश्न पडला.

आपल्याकडे कपडा ‘बेतायचा’ तो थेट कापडावर. अंगरखा घ्या. अंगासाठी सरळ पट्टे, घेरासाठी तिरक्या कळ्या, आणि हात वर करताना काखेत ओढू नये म्हणून चौबगला. सगळे चौकोन नि त्रिकोण. कापड फारसं वाया जात नाही, आणि हातमागाचं कापड असल्यावर तोच मोठा हिशोब. खणाच्या चोळीचंही तसंच. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण मुळात लहान, त्याचे काठ बाहीच्या कडेला यायला हवेत, मग तुकडे पडायचे ते काठाच्या सोयीनं. आजच्यासारखे टक्स, म्हणजे कापड चिमटून घातलेल्या शिवणी, नव्हते. पुढे गाठ घट्ट-सैल केली की चोळी अंगाला बसायची. थोडक्यात, फिटिंग गाठीत होतं.

शिंप्याचं माप म्हणजे गज. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांचं एक पद आहे, त्यात मन हा गज आणि जीभ ही कातर. नामदेव शिंपी होते, अवजारं घरचीच. पण गज ही ताठ काठी. तिनं कापड मोजता येतं, छातीचा घेर नाही.

युरोपातही फार वेगळं नव्हतं. हुआन दे आल्सेगा या स्पॅनिश शिंप्याचं 1580 साली माद्रिदमध्ये छापलेलं पुस्तक शिवणाच्या सर्वांत जुन्या छापील पुस्तकांपैकी एक. त्याच्या नावातच भूमिती आहे, पण आकृत्या बघितल्या तर काळजी कापडाचीच: अमुक पन्ह्याच्या कापडात झग्याचे सगळे भाग कसे बसवायचे. अंगाचं माप घ्यायला तिकडचे शिंपी कागदाची लांब पट्टी वापरत आणि तिला खाचा पाडत. एक खाच छातीची, एक कमरेची, एक बाहीची. पट्टीवर आकडा नाही. प्रत्येक गिऱ्हाइकाची पट्टी वेगळी, आणि कुठली खाच कशाची ते शिंप्यालाच ठाऊक.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंच छापलेली मऊ टेप आली आणि सगळं पालटलं. खाचेला बारानं भागता येत नाही, 36 ला येतं. आकडा हाती आल्यावर शिंप्यांना गणिताचा नाद लागला. छातीचं एकच माप घ्या, बाकी सगळं त्याच्या अपूर्णांकात काढा. अशा पद्धतींची पुस्तकं निघाली, एकाची पद्धत खरी की दुसऱ्याची यावर वाद झाले. त्याविरुद्ध दुसरा पक्ष होता: प्रत्येक माप अंगावरच घ्या. हे भांडण पुरतं मिटलेलं नाही. कागदी पॅटर्न घरोघरी नेला तो अमेरिकेतल्या एबेनेझर बटरिक या शिंप्यानं, 1863 पासून, वेगवेगळ्या साइझमध्ये कापून. आपल्याकडे ते पॅटर्नचं पाकीट रुजलं नाही. गल्लीत शिंपी असताना पाकीट कोण घेईल?

आपल्याकडे रुजलं ते मशीन आणि क्लास. सिंगरची मशीनं एकोणिसाव्या शतकातच आली, 1930 च्या दशकात देशी उषा आली. 1909 साली पुण्यात सेवासदन सुरू झालं. तिथल्यासारख्या संस्थांमधून विधवा आणि गरजू बायका शिवण शिकल्या, आणि शिवण हे पोट भरायचं साधन झालं. तोवर चोळीचं पोलकं आणि पोलक्याचं ब्लाउज होत चाललं होतं. गोल मुंढा नि वेगळी जोडलेली बाही आली, आणि असला मुंढा अंदाजानं कापता येत नाही. मग सूत्रं लागली. मराठी मुलखात ती घरोघर पोचली त्यात दादरला शिवणक्लास चालवणाऱ्या झारापकरांच्या पद्धतीचा वाटा मोठा. शरीराची उंची म्हणजे आठ डोकी, हेही परीक्षेला पाठ करायचं.

आता माझ्या घसरलेल्या ब्लाउजकडे येते. छाती 36 ची 42 झाली की बारावा भाग 3 चा साडेतीन होतो. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा, म्हणजे गळा एक इंचानं रुंद. पण बाई जाड झाली म्हणून तिची हाडं रुंदावत नाहीत! एका छातीवरून सगळं काढायची ही रीत पुरुषांच्या कोटांवर घडलेली, तीही बेताच्या बांध्याच्या पुरुषांच्या. चांगल्या बाई हे जाणून असतात. 38 च्या पुढे गळ्याचं सूत्र सोडतात आणि खांदा टेपनं मोजतात. वहीत मात्र बारावा भागच लिहून देतात.

बाकीच्यांनी यावर साधा तोडगा काढलाय: मापाचं ब्लाउज. नीट बसणारं जुनं ब्लाउज पिशवीत घालून शिंप्याकडे द्यायचं. त्या खाचांच्या पट्टीची ही सख्खी बहीण, आकडा नसलेली. फक्त त्यात डावा खांदा पाव इंच उतरलेला असेल, तर तो पुढच्या दहा ब्लाउजांत उतरतो.

आणि मेट्रिक मापं कायद्यानं येऊन साठ वर्षं उलटली तरी टेबलावर अजून इंचच. साडीतला ब्लाउजपीस येतो 80 सेंटिमीटरचा. शिंपी टेपची इंचांची बाजू वर करतो, साडेएकतीस म्हणतो, आणि बाह्या लांब होणार नाहीत हे तिथेच सांगून टाकतो.