कन्स्ट्रक्टर (जावा)

जावा या संगणकभाषेत क्लासचे (आराखड्याचे) नवे ऑब्जेक्ट (त्या आराखड्यानुसार बनणारी वस्तू) तयार होताना आपोआप चालणाऱ्या आणि त्याच्या फील्डना (माहिती साठवणाऱ्या चलांना) सुरुवातीच्या किमती देणाऱ्या कोडला कन्स्ट्रक्टर म्हणतात. त्याचे नाव क्लासच्या नावाशी तंतोतंत जुळावे लागते आणि त्याला रिटर्न टाइप (परत मिळणाऱ्या किमतीचा प्रकार) नसतो. सवयीने नावाआधी ‘व्हॉइड’ (काहीच परत न देणारा रिटर्न टाइप) लिहिले, तर कंपायलर (कोड तपासून भाषांतरित करणारा प्रोग्राम) त्याला त्याच नावाची साधी मेथड (बोलावल्यावरच चालणारा कोड) समजतो आणि ऑब्जेक्ट तयार होताना ती चालत नाही.

कन्स्ट्रक्टर ऑब्जेक्ट निर्माण करतो, असे सर्रास म्हटले जाते. काटेकोरपणे पाहता ते काम ‘न्यू’ या राखीव शब्दाचे आहे. ‘न्यू’मुळे मेमरीत जागा मिळते आणि तेथील फील्डमध्ये आधी ठरीव किमती (संख्यांसाठी शून्य, खरे-खोटे सांगणाऱ्या बूलियनसाठी फॉल्स, ऑब्जेक्टच्या संदर्भांसाठी नल म्हणजे ‘काहीच नाही’) येतात, मग पालक क्लासचा (ज्याच्याकडून हा क्लास वारसा घेतो त्याचा) कन्स्ट्रक्टर चालतो, फील्डच्या घोषणेत दिलेल्या किमती भरल्या जातात आणि शेवटी क्लासच्या स्वतःच्या कन्स्ट्रक्टरमधील उरलेली विधाने चालतात.

समजा, ‘आयत’ या क्लासमध्ये लांबी आणि रुंदी ही फील्ड आहेत आणि कन्स्ट्रक्टरच्या पॅरामीटरनाही (बाहेरून दिलेल्या किमती घेणाऱ्या चलांनाही) तीच नावे दिली आहेत. अशा वेळी फील्डच्या नावाआधी ‘धिस’ (म्हणजे ‘हेच ऑब्जेक्ट’) लावावे लागते. नुसते ‘लांबी = लांबी’ लिहिल्यास पॅरामीटरची किंमत त्यालाच पुन्हा दिली जाते, प्रोग्राम विनातक्रार कंपाइल होतो आणि क्षेत्रफळ मात्र शून्य येते. लांबी ऋण आली, तर कन्स्ट्रक्टरमधूनच एक्सेप्शन (चूक कळवून काम थांबवणारा संकेत) फेकणे इष्ट, कारण मग ‘न्यू’ लिहिणाऱ्याच्या हाती सदोष आयताचा संदर्भ पडत नाही.

क्लासमध्ये एकही कन्स्ट्रक्टर लिहिलेला नसेल, तर कंपायलर बिनपॅरामीटरचा डिफॉल्ट कन्स्ट्रक्टर पुरवतो. स्वतःचा एक जरी लिहिला, तरी ही सोय संपते. म्हणूनच आधी नीट चालणारे ‘न्यू आयत()’ दोन पॅरामीटरचा कन्स्ट्रक्टर लिहिताच कंपायलरला खटकू लागते.

पॅरामीटरांची संख्या किंवा प्रकार वेगळे ठेवून एकाच क्लासमध्ये अनेक कन्स्ट्रक्टर लिहिता येतात. एकाच बाजूवरून चौरस करणारा कन्स्ट्रक्टर ‘धिस(बाजू, बाजू)’ असे लिहून मूळ कन्स्ट्रक्टरला बोलावू शकतो, त्यामुळे ऋण लांबीची तपासणी दोनदा लिहावी लागत नाही. असे बोलावणे पूर्वी पहिलेच विधान असावे लागे. २०२५ मधील जावा २५ पासून त्याआधी काही मर्यादित विधाने लिहिता येतात. कन्स्ट्रक्टर वारशाने उपक्लासकडे जात नाहीत.