औषध प्रतिनिधी परीक्षा

औषध कंपनीच्या वतीने डॉक्टरांना भेटून औषधांची माहिती देणाऱ्या प्रतिनिधीने, म्हणजे एमआरने, नोकरीत टिकण्यासाठी द्यायची पात्रता परीक्षा. तिची सक्ती काही देशांतच आहे. कुठे ती कायद्याने केली आहे, तर कुठे औषध उद्योगाने स्वतःवर घालून घेतली आहे.

ब्रिटनमध्ये ही अट एबीपीआय या उद्योगसंघटनेच्या आचारसंहितेत आहे. प्रतिनिधीने पहिल्या वर्षात परीक्षेला बसायचे आणि दोन वर्षांच्या आत ती उत्तीर्ण व्हायचे. एका कंपनीत दीड वर्ष आणि मग दुसरीत दीड वर्ष काढून परीक्षा टाळणे चालणार नाही, असे संहितेनेच उदाहरणासह बजावले आहे. म्हणजे नोकरी बदलली तरी घड्याळ पुन्हा शून्यावर येत नाही. दीर्घ आजारपणासारख्या कारणासाठी मुदतवाढ मागता येते. मुदत उलटूनही नापास प्रतिनिधी फिल्डवर राहिला, तर दोष कंपनीवर येतो. अशी चूक कंपन्यांनी स्वतःहून कळवल्याची प्रकरणे संहितेची अंमलबजावणी पाहणाऱ्या पीएमसीपीए या संस्थेकडे आली आहेत. ही संस्था 1993 पासून काम करते आणि आपले निर्णय जाहीर करते. पैशांच्या भुर्दंडापेक्षा ही जाहीर नाचक्कीच कंपन्यांना जास्त झोंबत असावी.

जर्मनीत 1978 पासून लागू असलेल्या औषध कायद्यातच प्रतिनिधीची पात्रता ठरवली आहे. औषधनिर्माण, रसायन, जीवशास्त्र किंवा वैद्यकाची पदवी किंवा याच क्षेत्रांतील तांत्रिक सहाय्यकाचे पूर्ण प्रशिक्षण हवे, नाहीतर ‘फार्मारेफरेंट’ ही परीक्षा उत्तीर्ण हवी. डॉक्टरांनी सांगितलेले दुष्परिणाम लिहून घेऊन कंपनीला लेखी कळवणे हेही त्याचे कायदेशीर कर्तव्य आहे. जपानमध्ये 1997 मध्ये एमआर प्रमाणन परीक्षा सुरू झाली.

भारतात अशी सक्ती नाही. 1976 चा विक्री संवर्धन कर्मचारी कायदा नेमणूकपत्र, रजा अशा सेवाशर्तींपुरता होता; 2025 मध्ये नव्या कामगार संहितेने त्याची जागा घेतली. औषधाचे ज्ञान किती हवे, याबद्दल तो काही म्हणत नव्हता. कौशल्य विकास व्यवस्थेत या कामासाठी मानक अभ्यासक्रम आहे, तोही ऐच्छिक. त्यामुळे खरी परीक्षा होते ती कंपनीच्या इंडक्शनमध्ये, म्हणजे नव्या उमेदवारांच्या प्रशिक्षणात. दिवसभर शरीररचना, औषधशास्त्र आणि प्रतिस्पर्धी ब्रँड, सकाळी आदल्या दिवसाच्या धड्यावर लेखी चाचणी, आणि शेवटी डिटेलिंगचा, म्हणजे डॉक्टरांसमोर औषधाची माहिती मांडण्याचा, सराव. मॅनेजर डॉक्टर होऊन खुर्चीत बसतो, घड्याळाकडे बघतो आणि उमेदवाराने व्हिज्युअल एड (औषधाची सचित्र माहितीपुस्तिका) उघडायच्या आतच विचारतो, ‘‘किडनीच्या पेशंटला डोस किती?’’ पाठ केलेले इंग्रजी वाक्य तिथेच अडखळते. वारंवार नापास होणाऱ्याला घरी पाठवणाऱ्या कंपन्या आहेत. महिनाअखेरीच्या टार्गेटसाठी अर्धकच्च्या मुलाला बॅग देऊन रस्त्यावर सोडणाऱ्याही आहेत.

केंद्र सरकारच्या औषधनिर्माण विभागाच्या 2024 च्या विपणन संहितेने प्रतिनिधीच्या वर्तनाची जबाबदारी कंपनीवर टाकली आहे. डॉक्टरांची भेट मिळवण्यासाठी आमिष दाखवणे किंवा पैसे देणे तिला मान्य नाही. परीक्षेची अट मात्र तिने घातलेली नाही.