डाल मेंढा आणि माउंटन गोट: दोघं पांढरे, टेप एकच, हिशोब वेगळा

अलास्कात कड्यावर लांबवर पांढरा ठिपका दिसला की पहिला घोळ हाच, डाल मेंढा (डोंगरातला जंगली मेंढा) की माउंटन गोट? दुर्बिणीत नीट आलं की कळतं, डालची शिंगं पिवळट तपकिरी, गोटची काळी कुळकुळीत आणि छोटी, शिवाय दाढी आणि खांद्याला उंचवटा. (गोट नुसता नावाचा हं, खरी शेळी तो नाहीच.)

दुसरा घोळ शिकारीनंतर, शिंगं मोजायची टेप निघाली की. शिकारीतल्या मोठ्या शिंगांच्या नोंदी ठेवणाऱ्या अमेरिकेतल्या बून अँड क्रॉकेट क्लबच्या पद्धतीत दोघांचं माप एकाच तऱ्हेने घेतात, दोन्ही शिंगांची लांबी आणि प्रत्येकाचा चार ठिकाणचा घेर, इंचाच्या आठव्या हिश्श्यापर्यंत. त्यांच्या ऑल-टाइम यादीत यायला डालला 170 गुण लागतात, गोटला 50. आणि मग लोक त्या आकड्यालाच जनावराची किंमत समजून बसतात.

डालच्या एडक्याचं बघा. दर हिवाळ्यात शिंगाची वाढ थांबते तिथे एक रिंग पडते, त्यावरून वय मोजता येतं. पण वय झालं की टोकं आपटून, घासून, तुटून बोथट होतात, ह्याला ब्रूमिंग म्हणतात, म्हणजे टोकाबरोबर लहानपणीची रिंगही जाते आणि इंचही जातात, त्यामुळे चांगल्या चाऱ्यावर वाढलेला, टोकं शाबूत असलेला सात वर्षांचा एडका आकड्यात बारा वर्षांच्या जुन्या खोडाला सहज मागे टाकतो. मला विचाराल तर ते बोथट शिंगच भिंतीवर हवं. अलास्कात बहुतेक भागात एडका मारायचा तर शिंगाचा पूर्ण वेढा हवा, नाहीतर दोन्ही टोकं तुटलेली, नाहीतर वय निदान 8 वर्षं. म्हणजे नियमाला तुटकं शिंग चालतं, मार्क फक्त टेप कापते.

गोटमध्ये तर टेपवर अजूनच कमी भरवसा. इथे मादीलाही शिंगं असतात आणि लांबीला जवळपास बोकडाइतकीच! बोकडाचं बुडाशी जाड आणि सारखं वळत गेलेलं, मादीचं बारीक आणि टोकाजवळ एकदम वाकलेलं. त्यात बहुतेक वाढ पहिल्या तीनेक वर्षांतच होऊन जाते, नंतरच्या रिंगा बुडाशी दाटीवाटीने, म्हणून नऊ इंची शिंगवाला चार वर्षांचा की दहाचा हे लांबीवरून कळतच नाही. मादीला पहिलं करडू व्हायला बऱ्याचदा चार-पाच वर्षं जातात आणि पुढेही बहुधा एका वेळी एकच, त्यामुळे चुकून मादी मारली तर कळपाला ते वर्षानुवर्षं भोवतं.

म्हणून जाणते शिकारी आधी लघवी बघतात, हसू नका, खरंच. मादी मागचे पाय वाकवून खाली बसते, बोकड अंग पुढे ताणून उभ्यानेच करतो. आता तेवढ्यासाठी दोन-दोन तास स्पॉटिंग स्कोपला (लांबचं बघायच्या छोट्या दुर्बिणीला) डोळा लावून बसावं लागतं, ते वेगळं.