न्यायरूपके, डच बरोक कलेतील

सतराव्या शतकातील डच प्रजासत्ताकात शिल्प, चित्र व मुद्राचित्र यांतून केलेले न्यायाचे प्रतीकात्मक दर्शन. तराजू व तलवार धारण करणारी न्यायदेवता (युस्टिटिया) ही त्यातील प्रमुख आकृती. नगरगृहे, न्यायकक्ष आणि स्मारके यांवर ती विशेषेकरून आढळते. डेल्फ्ट येथील ऑरेंजचा विल्यम (स्पेनविरुद्धच्या डच उठावाचा नेता) याच्या समाधीवरील (हेंड्रिक द केयझर, १६१४ पासून) कोपऱ्यांतल्या चार कांस्यमूर्तींपैकी एक तिची आहे.

डोळ्यांवरील पट्टीचा उगम वादग्रस्त आहे. प्राचीन रोमन युस्टिटियाला पट्टी नव्हती. झेबास्टिआन ब्रांटच्या ‘मूर्खांचे जहाज’ (बाझेल, १४९४) या ग्रंथातील काष्ठमुद्रा हे पट्टीचे आद्य उदाहरण सामान्यतः मानले जाते. तीत देवतेचे डोळे बांधतो तो विदूषक; म्हणजे पट्टी उपहासाची आहे. ही काष्ठमुद्रा तरुण ड्यूरर या जर्मन चित्रकाराची असल्याचे मत सर्वमान्य नाही. बर्न येथील कारंज्यावरील मूर्तीला (१५४३) मात्र पट्टी निःपक्षपातीपणाचे चिन्ह म्हणून आहे. तेव्हा अर्थांतर सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात घडले असावे. ब्रूजचा विधिज्ञ योस्ट द डामहाउडर याच्या ग्रंथात (१५६७) देवता द्विमुखी असून एका मुखाचे डोळे बांधलेले, दुसऱ्याचे उघडे आहेत. इटालियन लेखक चेझारे रीपाच्या रूपककोशाने (१५९३, डच भाषांतर १६४४) हा प्रश्न सुटत नाही, कारण त्यातच न्यायाची पट्टीसह व पट्टीविना अशी अनेक रूपे दिली आहेत. त्यामुळे केवळ रीपावरून अर्थ लावण्यापेक्षा न्यायकक्षांतील दृष्टांतचित्रांच्या जुन्या नेदरलँडिश परंपरेकडे पाहणे अधिक सयुक्तिक ठरते. लाचखोर न्यायाधीशाची कातडी सोलली जात असल्याचे खेरार्ट डाव्हिटचे चित्र (१४९८, ब्रूज) याच परंपरेतले.

या परंपरेचा परमोत्कर्ष ॲम्स्टरडॅमच्या नगरगृहात (वास्तुकार याकोप फान कांपेन, १६४८ मध्ये प्रारंभ, १६५५ मध्ये उद्‌घाटन) दिसतो. देहान्ताची शिक्षा सुनावण्याच्या कक्षात अँटवर्पच्या आर्टुस क्वेलिनुसने तीन उत्थित शिल्पे घडविली : सॉलोमनचा निवाडा, स्वतःच्या पुत्रांना मृत्युदंड देणारा रोमन प्रजासत्ताकाचा संस्थापक ब्रूटस आणि पुत्राच्या शिक्षेत वाटेकरी होऊन स्वतःचाही एक डोळा देणारा प्राचीन ग्रीक विधिकर्ता झाल्यूकस. तिन्हींत न्यायदेवता नाही, न्याय करणारा मनुष्य आहे. देवता भेटते ती मोठ्या दिवाणखान्यात : पायाखाली लोभ (गाढवाच्या कानांचा मिडास) व मत्सर, बाजूंना मृत्यू व दंड. न्यायाधिकाऱ्यांच्या दालनासाठी फेर्डिनांट बोलने नियमशिला घेऊन उतरणारा मोझेस रंगविला.

डच चित्रकार फर्मीरचे तराजू घेतलेल्या स्त्रीचे चित्र (सु. १६६४) पाठीमागच्या अंतिम न्यायाच्या (ख्रिस्ती श्रद्धेनुसार जगाच्या अंती होणारा ईश्वरी निवाडा) दृश्यामुळे कधीकधी या वर्गात घातले जाते. पारडी रिकामी असल्याचे तांत्रिक तपासणीत आढळले आहे. देवतेची अन्य चिन्हे त्यात नाहीत.